दूध खोलीच्या भिंतींना काय लावायचं? स्वस्त, धुता येणारं आणि टिकणारं मटेरियल निवडायची पद्धत

दूध खोलीच्या भिंतीला काय लावू असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात, टाइल लाव, एपॉक्सी मार, नाहीतर ती प्लॅस्टिकची शीट येते ना ती चिकटव, आणि सांगणारा प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबरच असतो. पण नुसता स्क्वेअर फुटाचा भाव बघून निर्णय घेतला की फसायला होतं, कारण भिंत मधोमध क्वचितच खराब होते, ती खराब होते सांध्यात. दोन टाइलच्या मधल्या ग्राउटमध्ये (म्हणजे फटीत भरलेल्या मालात), शीटच्या कडेला, भिंत आणि फरशी भेटतात त्या कोपऱ्यात, पाइप भिंतीतून आरपार जातो तिथे. म्हणून मटेरियल निवडताना मी आधी दोनच गोष्टी विचारतो, हे लावल्यावर खोलीत किती फूट सांधा तयार होणार आणि त्या सांध्यात काय भरणार. बाकी सगळं त्याच्या मागून.

इथे दूध खोली म्हणजे जिथे दूध गाळतात, बल्क कूलर (दूध थंड ठेवायची टाकी) किंवा कॅन ठेवतात, भांडी आणि मिल्किंग मशीनचे भाग धुतात ती खोली. जनावरं उभी राहतात त्या भागाचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल पुढे थोडक्यात येईल.

1. भिंतीवर नक्की काय उडतं ते समजून घ्या

दुधाचा शिंतोडा म्हणजे पाण्याचा शिंतोडा नाही. त्यात फॅट असते, प्रोटीन असतं, साखर असते आणि कॅल्शियमसारखे क्षार असतात. फॅट थंड पाण्याने निघत नाही, थिजून चिकटते. आणि एकदम कढत पाणी मारलं, म्हणजे 60 अंश सेल्सियसच्या वर, तर प्रोटीन भिंतीवर शिजून बसतं. शिवाय कॅल्शियम आणि प्रोटीन मिळून हळूहळू पांढरट-पिवळसर खडबडीत थर जमतो, त्याला मिल्कस्टोन म्हणतात, आणि तो साध्या साबणाला दाद देत नाही, त्याला ॲसिडवालं क्लीनरच लागतं.

म्हणजे तुमच्या भिंतीला तीन प्रकारची केमिकल्स झेलायची आहेत. फॅट आणि प्रोटीन काढायला अल्कली म्हणजे कॉस्टिकवालं डिटर्जंट, मिल्कस्टोन काढायला ॲसिड (बहुतेक फॉस्फोरिक किंवा नायट्रिक) आणि निर्जंतुक करायला क्लोरीन. याच्यावर सांडलेलं दूध आंबलं की त्यात लॅक्टिक ॲसिड तयार होतं ते वेगळंच. लॅक्टिक ॲसिड सिमेंट खातं, ॲसिड क्लीनरही सिमेंट खातं. त्यामुळे नुसती सिमेंटची घोटीव गुळगुळीत भिंत पहिल्या दिवशी कितीही छान दिसली तरी सिंकच्या मागे ती हळूहळू खरखरीत होते, आणि एकदा खरखरीत झाली की मग कितीही घासा.

ओल्या फटीची खरी भीती वेगळीच आहे. लिस्टेरिया नावाचा बॅक्टेरिया फ्रिजच्या तापमानातही वाढतो, आणि त्याला दमट फटी, फुटके ग्राउट, सुटलेल्या शीटच्या मागची जागा फार आवडते. तिथे तो चिकट थर करून बसतो आणि वरून मारलेलं क्लोरीन त्याच्यापर्यंत पोचतच नाही. सांध्याचा एवढा धोशा मी लावतो तो यामुळे.

2. खोलीचे पट्टे पाडा, सगळीकडे सारखा खर्च नको

सगळ्या भिंती छतापर्यंत एकाच महागड्या मटेरियलने मढवायची गरज नसते. जगभरात अन्न स्वच्छतेसाठी जी कोडेक्सची, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, मूलभूत तत्त्वं वापरतात (पहिल्यांदा 1969 साली आलेली आणि नंतर बऱ्याचदा सुधारलेली) त्यातही भिंत कामाला योग्य अशा उंचीपर्यंत गुळगुळीत असावी असंच म्हटलंय, आणि मटेरियल पाणी न शोषणारं आणि विषारी नसलेलं हवं. तरी तुमच्याकडे परवाना देणारे किंवा दूध घेणारे लोक उंचीबद्दल आणि मटेरियलबद्दल काय मागतात ते खरेदीच्या आधी विचारून घ्या, शक्यतो लेखी. काही ठिकाणी रंगवलेली भिंत चालते, काही ठिकाणी नाही, आणि हे नंतर कळलं तर दोनदा खर्च.

खडू घ्या आणि भिंतीवर रेघा मारा. फरशीपासून साधारण एक फूट हा मार खाणारा पट्टा, इथे कॅन आपटतो, ट्रॉलीचं चाक घासतं, गमबूट लागतो, पाणी साचतं. त्याच्या वर सहा ते आठ फुटांपर्यंत शिंतोड्यांचा पट्टा. त्याच्याही वर वाफेचा पट्टा, जिथे शिंतोडा क्वचित जातो पण गरम पाण्याची वाफ थंड भिंतीवर बसते आणि बुरशी धरते. आणि या तिन्हीत न बसणारी एक जागा म्हणजे सिंकच्या आणि नळीच्या आसपासचे तीन-चार फूट, तिथे रोज सगळं होतं, दूध, केमिकल, गरम पाणी, भांड्यांचा मार. पैसे कमी असतील तर पहिले तिथे घाला.

3. मागची भिंत तपासल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका

सगळ्यात जास्त घाई इथेच होते. भिंत ओली असेल तर वरचं कुठलंच मटेरियल टिकत नाही, फक्त प्रत्येकाची फेल व्हायची पद्धत वेगळी. पेंटला फुगे येतात आणि पोपडे सुटतात, शीटचा गोंद सुटतो, टाइल पोकळ होते.

ओल बघायची सोपी युक्ती म्हणजे साधारण दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा जाड पारदर्शक कागद भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि किमान 16 तास तसाच सोडायचा. कागद काढल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत गडद पडली असेल तर ओल भिंतीतूनच येतेय. असे तीन-चार ठिकाणी लावा, एक तरी फरशीच्या जवळ. जमिनीतून ओल चढत असेल, छत गळत असेल, बाहेरून पावसाचं पाणी भिंतीला लागत असेल तर आधी ते बंद करा. नवीन प्लास्टर असेल तर किमान 28 दिवस जाऊ द्या.

जुना चुना किंवा डिस्टेंपर असेल तर तो पूर्ण खरवडून काढायचा, त्याच्यावर काहीही लावलं तरी ते चुन्यालाच चिकटतं आणि चुन्यासकट खाली येतं. नखाने भिंत खरवडून बघा, पांढरी पावडर हाताला लागली तर काम बाकी आहे. ओळंबा आणि लांब सरळ पट्टी लावून भिंत किती वाकडी आहे तेही बघून घ्या, शीट लावायची असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण पातळ शीट भिंतीचे सगळे उंचवटे जसेच्या तसे दाखवते आणि खड्ड्याच्या जागी गोंद पोचत नाही.

जुन्या शेडमध्ये ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे पार्टिशनला वापरलेले असू शकतात. त्यांना ड्रिल मारू नका, कापू नका, घासू नका, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. शंका असली तर आधी जाणकाराला दाखवा.

4. आता मटेरियल, एकेक करून

*एपॉक्सी पेंट.* सुकी, टणक, सरळ सिमेंट प्लास्टरची भिंत असेल तर सगळ्यात कमी खर्चात धुता येणारी भिंत याच्यातून मिळते, आणि याला सांधाच नाही. दोन भागांचा पेंट असतो, रेझिन आणि हार्डनर, दिलेल्या प्रमाणातच मिसळायचा, अंदाजपंचे नाही. अल्कली, सौम्य ॲसिड, क्लोरीन सगळं बऱ्यापैकी सहन करतो. उन्हात पिवळा पडतो पण खोलीच्या आत त्याने काही बिघडत नाही. कमजोरी दोन, कॅन आपटला की टवका उडतो आणि मागून ओल आली की फुगतो. टवका उडाला की लगेच घासून परत भरायचा, नाहीतर तिथून पाणी आत शिरून आजूबाजूचा पेंट उचलतं.

साधा ऑइल पेंट म्हणजे एनॅमल मारून घेऊ का, असा प्रश्न नेहमी येतो. वाफेच्या वरच्या पट्ट्याला, जुन्या पूर्ण सुकलेल्या भिंतीवर, प्रायमरसकट असेल तर चालून जातो. पण ताज्या सिमेंटवर नाहीच, कारण सिमेंटमधली अल्कली आणि तेल यांची रिॲक्शन होऊन पेंटचा साबण होतो, अक्षरशः साबण, आणि तो चिकट होऊन सुटतो. कॉस्टिक डिटर्जंटही हेच करतं. घरातला 'वॉशेबल' इमल्शन पेंट फडक्याने पुसायला ठीक आहे, पण रोज पाण्याची नळी मारायच्या भिंतीला तो नको.

*टाइल.* माहितीतली, कुठेही मिळणारी, गवंड्याला सवयीची. टाइलचा पृष्ठभाग केमिकलला उत्तम, पण नेहमीच्या चकचकीत वॉल टाइलचा आतला भाग चांगला दहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू शकतो, त्यामुळे ग्लेझचा (वरच्या चकचकीत थराचा) टवका उडाला की तिथे डाग कायमचा. पोर्सेलीन किंवा विट्रिफाइड टाइल अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते, म्हणून मार खाणाऱ्या पट्ट्याला तीच बरी. फक्त ती साध्या सिमेंटच्या घोळाने नीट धरत नाही, पॉलिमरवालं टाइल ॲढेसिव्हच लागतं, तो खर्च आधीच धरा.

टाइलचा खरा प्रश्न ग्राउटचा. सिमेंटचं ग्राउट दूध आणि ॲसिड दोन्ही खातात, आणि खाल्लेल्या ग्राउटची खाच ब्रशने साफ होत नाही. एपॉक्सी ग्राउट महाग पडतं, लावायला कटकटीचं आहे, मिसळल्यावर थोड्याच वेळात घट्ट व्हायला लागतं म्हणून थोडं थोडंच कालवायचं आणि टाइलवर राहिलेला थर तिथल्या तिथे पुसायचा, वाळला की निघत नाही. तरीही टाइल लावणार असाल तर एपॉक्सी ग्राउटशिवाय लावू नका असंच मी म्हणेन. पैसे कमी पडत असतील तर टाइल साधी घ्या आणि ग्राउट चांगलं घ्या, लोक बरोबर याच्या उलटं करतात.

*एफआरपी शीट.* काचेचे धागे आणि पॉलिस्टर रेझिन यांची साधारण सव्वादोन ते अडीच मिलीमीटर जाडीची शीट, बऱ्याचदा 4 बाय 8 फुटांची. पाणी शोषत नाही, कुजत नाही, गंजत नाही, मार बऱ्यापैकी खाते. दाणेदार आणि गुळगुळीत अशा दोन्ही प्रकारांत येते. दाणेदारवर ओरखडे दिसत नाहीत म्हणून विकणारे तीच पुढे करतात, पण दाण्यांच्या मधे फॅट बसते, तेव्हा सिंकच्या मागे तरी गुळगुळीतच घ्या. तारेच्या ब्रशने किंवा घासायच्या पावडरने ही घासली की वरचा थर झिजून आतले काचेचे धागे उघडे पडतात, मग ती मळ धरते. लाकडी किंवा लोखंडी सांगाड्याची शेड असेल तर माझी पहिली पसंती हीच, कारण अशा हलणाऱ्या सांगाड्यावर टाइल तडकते.

*पीव्हीसी शीट.* यात दोन गोष्टी आहेत आणि नावाने त्यांचा घोळ होतो. एक भरीव, अडीच मिलीमीटरच्या आसपास, हायजिनिक क्लॅडिंग म्हणून मिळणारी, ती चांगली. दुसरी आतून पोकळ, खाच्यात खाच बसवायची हलकी पट्टी, जी छताला लावतात. ही पोकळ पट्टी स्वस्त पडते, पण टोकातून आत पाणी गेलं की ते बाहेर येत नाही, आत काय वाढतंय ते दिसतही नाही, आणि दर सहा-आठ इंचांना एक सांधा. छताला चालेल, शिंतोड्यांच्या पट्ट्यात नको. भरीव पीव्हीसी केमिकल उत्तम झेलतं पण उष्णतेत कच्चं आहे, साधारण 60 अंशांच्या पुढे नरम पडायला लागतं, म्हणून कढत पाणी किंवा वाफ थेट मारायची सवय असेल तर एफआरपी घ्या. शिवाय पीव्हीसी गरम-थंड होताना बऱ्यापैकी वाढतं-आकसतं, आठ फुटांची शीट 20 अंशांच्या फरकाने तीन-साडेतीन मिलीमीटर हलते, सांध्यात तेवढी जागा ठेवली नाही तर भिंतीवर लाटा येतात.

*पत्रा.* जस्ती पत्रा स्वस्त दिसतो पण जस्ताला ॲसिडही चालत नाही आणि कडक अल्कलीही नाही, कापलेल्या कडेला तर गंज लवकर येतोच. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील सगळ्यात भारी, पण पूर्ण खोलीला लावायचं म्हणजे बजेट गेलं. सिंकच्या मागे एकच अखंड पत्रा लावायला मात्र पैसे वसूल होतात. त्याच्यावरही क्लोरीन तसंच वाळू देऊ नका, बारीक खड्डे पडतात.

*कोल्ड रूमचे इन्सुलेटेड पॅनेल.* नवीन खोली उभी करायची असेल आणि हवा गरम असेल तर विचार करण्यासारखं, भिंत आणि इन्सुलेशन एकदमच होतं. जुनी पॅनेल स्वस्तात मिळतात, घेताना उचलून वजन बघा, जड लागलं तर आतल्या फोममध्ये पाणी भरलेलं असू शकतं, आणि कापलेल्या कडा गंजलेल्या असतील तर सोडून द्या.

याशिवाय जे नकोच ते एका दमात सांगतो. संगमरवर आणि चुनखडीच्या जातीची कुठलीही फरशी, ॲसिडने चट्टे पडतात (ग्रॅनाइट चालतो). उघडं प्लायवूड, कितीही पेंट मारला तरी कडेने फुगतं. साधा जिप्सम बोर्ड, त्याचा कागद म्हणजे बुरशीला आयतं जेवण, सांगाड्यावर शीटच्या मागे काही लागणारच असेल तर सिमेंट बोर्ड घ्या.

5. सांधे मोजा, मग भाव काढा

समजा खोली 10 बाय 12 फूट आहे आणि आठ फूट उंचीपर्यंत काम करायचंय. घेर झाला 44 फूट, भिंत 352 स्क्वेअर फूट, एक 3 बाय 7 चा दरवाजा वजा केला तर 331. आता याच भिंतीवर 8 बाय 12 इंची टाइल लावली तर सांध्यांची एकूण लांबी होते सव्वाआठशे फुटांच्या आसपास. 1 बाय 2 फुटांची टाइल घेतली तर 500 च्या जवळ, 2 बाय 4 फुटांची घेतली तर अडीचशे. 4 बाय 8 ची शीट उभी लावली तर कोपरे धरूनसुद्धा उभे सांधे 100 फुटांच्या आत, आणि शीट लागतात 11. वर-खालच्या कडा मिळून अजून 80-90 फूट धरा. पेंटला शून्य.

तुमच्या खोलीचं असंच गणित कागदावर मांडा आणि प्रत्येक मटेरियलच्या समोर चार आकडे लिहा, मटेरियलचा भाव, सांध्यात भरायच्या मालाचा भाव (ग्राउट, सिलिकॉन, जोडपट्ट्या), मजुरी, आणि मागची भिंत तयार करायचा खर्च. टाइल आणि शीटला 10 टक्के तूट धरा. बऱ्याचदा असं दिसतं की छोटी टाइल अधिक एपॉक्सी ग्राउट अधिक मजुरी मिळून शीटच्या जवळ जाते, आणि वाकडी भिंत सरळ करायचा खर्च धरला की शीट टाइलच्या जवळ जाते. आणि पेंट सगळ्यात स्वस्त, पण दर काही वर्षांनी परत मारावा लागेल, त्यासाठी खोली किती दिवस बंद ठेवता येईल हेही बघा, दूध रोज येतंच राहतं ना.

वीट-सिमेंटची कोरडी खोली आणि बजेट तंग, तर मी असं करेन: सिंकच्या मागे आणि खालच्या चार फुटांपर्यंत मोठी पोर्सेलीन टाइल एपॉक्सी ग्राउटसकट, वर छतापर्यंत एपॉक्सी पेंट. सांगाड्याची शेड असेल तर आठ फुटांपर्यंत एफआरपी. जागा भाड्याची असेल तर भरीव पीव्हीसी स्क्रूने लावायचा मोह होतो कारण काढून नेता येते, पण मग मागची पोकळी आणि प्रत्येक स्क्रूचं भोक सील करणं आलं, ते नीट करणार असाल तरच.

6. घ्यायच्या आधी तुकडा मागा आणि छळ करा

दुकानदाराकडून वीतभर तुकडा आणा. त्यावर दूध फासून रात्रभर वाळू द्या, सकाळी कोमट पाणी, डिटर्जंट आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा. मग टॉर्च तुकड्याला समांतर, म्हणजे अगदी आडवी धरून बघा, राहिलेला थर लगेच दिसतो. दुसऱ्या तुकड्यावर तुम्ही जी डिटर्जंट आणि ॲसिड क्लीनर वापरता ती, वापरता त्याच प्रमाणात पातळ करून, वेगवेगळ्या जागी ओल्या फडक्याने दिवसभर ठेवा. रंग गेला, चमक गेली, बोट लावल्यावर चिकट लागलं तर तो माल नको. टाइल असेल तर दोन तुकडे तुमच्या ग्राउटने जोडून मग हीच टेस्ट करा. आणि ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र येऊ देऊ नका, टेस्टमध्येही नाही आणि भिंत धुतानाही नाही, त्यातून क्लोरीन गॅस निघतो.

रंग फिकट घ्या, पांढरा किंवा क्रीम. डाग दिसतो म्हणून गडद घ्यायचा हा विचार घराच्या स्वयंपाकघराला ठीक, इथे डाग दिसायलाच हवा.

7. लावताना

शीट आणून लगेच चिकटवू नका, 24 ते 48 तास त्याच खोलीत ठेवा म्हणजे तिथल्या तापमानाला येते. गोंद दातेरी करणीने शीटच्या पूर्ण मागच्या बाजूला पसरायचा, मधे मधे ठिपके टाकून नाही, कारण ठिपक्यांच्या मधली पोकळी म्हणजे किड्या-मुंग्यांना घर. रोलरने मधून कडेकडे दाबत हवा काढायची. एफआरपीच्या दोन शीटच्या मधे साधारण 3 मिलीमीटर आणि वर-खाली 6 मिलीमीटर जागा सोडा, पीव्हीसीला बनवणाऱ्याने सांगितलेली, बहुतेक जास्तच. रिव्हेट मारणार असाल तर भोक रिव्हेटपेक्षा 3 मिलीमीटर मोठं पाडा, घट्ट भोकातून शीट हलायला गेली की तडकते. जोडपट्टीच्या खाच्यात आधी सिलिकॉन भरायचं आणि मग शीट सरकवायची, हे कारागीर टाळतात कारण हात खराब होतात, म्हणून समोर उभं राहून करून घ्या. एफआरपी कापताना मास्क आणि चष्मा लावा, काचेची धूळ असते.

टाइलच्या मागे ॲढेसिव्ह पूर्ण भरलंय का ते वाळल्यावर ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ती टाइल काढायला लावा, मिस्त्री कितीही म्हणाला की काही होत नाही. भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात आणि टाइल-फरशीच्या सांध्यात ग्राउट नाही, सिलिकॉन, कारण दोन भिंती वेगवेगळ्या हलतात आणि ग्राउट तिथे तडकतंच.

पेंटच्या आधी भिंत घासून धूळ काढा, खड्डे सिमेंट किंवा एपॉक्सी पुट्टीने भरा, पीओपी अजिबात नको. सिमेंट ब्लॉकची भिंत असेल तर तिच्या बारीक छिद्रांत आधी ब्लॉक फिलर लागतो, नाहीतर छिद्रं तशीच राहतात आणि प्रत्येक छिद्रात दूध. प्रायमर, मग दोन कोट, दोन कोटांच्या मधे डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा कमी नको आणि जास्तही नको. दमट हवेत, भिंतीवर दव धरतंय अशा वेळी मारू नका, भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव धरते) किमान 3 अंश वर हवं. पूर्ण कडक व्हायला साधारण सात दिवस, तोवर पाण्याची नळी लांब ठेवा.

आता कोपरे. भिंत आणि फरशी यांच्या मधे काटकोन ठेवू नका, एक ते दोन इंच त्रिज्येची गोलाई करून घ्या, ती फरशीच्याच मटेरियलने चार-सहा इंच भिंतीवर चढवा आणि भिंतीची शीट त्या चढावाच्या वरून, बाहेरच्या बाजूने खाली येऊ द्या, म्हणजे वरून ओघळणारं पाणी सांध्यात न शिरता खाली उतरतं. कॅन आपटतात तिथे भिंतीपासून थोडा पुढे लोखंडी पाइपचा अडसर लावला तर भिंत वर्षानुवर्षं वाचते, खर्च किरकोळ. खिडकीचा कठडा उतरता करा, सपाट ठेवला की त्यावर वस्तू ठेवल्या जातात, आणि मग धूळ. पाइप आणि वायरी शक्यतो एकाच जागेतून आत घ्या आणि ते भोक सील करा.

सिलिकॉन दोन जातींचं मिळतं. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते जस्ती पत्र्याला गंजवतं आणि सिमेंटला नीट धरत नाही, म्हणून न्यूट्रल क्युअरवालं, बुरशीरोधक मागा.

जनावरं उभी राहतात तिथे

धार काढायच्या जागेला टाइल आणि पातळ शीट दोन्ही नकोत, एक लाथ बसली की संपलं. तिथे खाली चार-पाच फूट काँक्रीट किंवा पक्कं सिमेंट प्लास्टर आणि त्यावर एपॉक्सी, किंवा जाड एचडीपीई (एक टणक प्लॅस्टिक) बोर्ड बोल्टने. एचडीपीईला गोंद धरत नाही आणि ते पीव्हीसीपेक्षाही जास्त वाढतं-आकसतं, तेव्हा बोल्टची भोकं लांबट पाडा.

धुणं आणि देखभाल

काम झालं की लगेच, दूध वाळायच्या आत, 35 ते 45 अंशांच्या कोमट पाण्याने भिंत खंगाळा. मग डिटर्जंट, मऊ ब्रश, परत पाणी, आणि शेवटी क्लोरीन. घाणीवर क्लोरीन मारून उपयोग नाही, घाणच त्याला खाऊन टाकते. ॲसिड क्लीनर वेगळ्या दिवशी, मिल्कस्टोन दिसायला लागला की. हाय प्रेशर वॉशरचा मोह आवरा, तो पाणी सांध्यात घुसवतो आणि फरशीवरची घाण तुषारांबरोबर अख्ख्या खोलीत उडवतो, साधी नळी आणि ब्रश पुरतो. धुवून झाल्यावर पंखा किंवा एक्झॉस्ट चालू ठेवून भिंत सुकवा, बुरशीचं अर्धं काम इथेच थांबतं.

दोन-तीन महिन्यांनी सगळे सांधे टॉर्च घेऊन बघा, शीटच्या कडा बोटाने दाबा, टाइल ठोका. सिलिकॉन काळं पडलं असेल तर त्यावरच नवीन ओढू नका, जुन्या सिलिकॉनला नवीन धरत नाही, ब्लेडने पूर्ण कापून काढा, जागा सुकवा, मग भरा. दुरुस्तीसाठी एक जास्तीची शीट किंवा टाइलचा एक बॉक्स त्याच लॉटचा घेऊन ठेवा आणि लॉट नंबर, पेंटचा शेड नंबर, ग्राउटचं नाव कुठेतरी लिहून ठेवा, पुढच्या वेळी दुकानदाराला आठवणार नाही.